गणपूर्तीची आवश्यकता असणार नाही

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी येऊन बसलेल्या माझ्या समवयस्क मित्रमैत्रिणींनो,

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी निवृत्तीनंतरचा सगळा काळ आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवपदावर घालवला. पाण्याच्या टाकीची चावी, पावतीपुस्तके आणि सभासदांची भांडणे, तिन्ही त्यांच्या घरी मुक्कामाला असत. त्यामुळे मला विषय शोधत बसावे लागले नाही.

सभागृह भरले आहे याचा आनंद आहे, पण त्याच गर्दीबद्दल माझी तक्रारही आहे. ज्येष्ठांची गर्दी व्याख्यानाला होते, योगवर्गाला होते, भावगीतांच्या कार्यक्रमाला होते. अष्टविनायकाच्या सहलीची यादी लागली की संध्याकाळपर्यंत भरते. मात्र हीच मंडळी ज्या इमारतीत राहतात, जिचे जिने चढतात, जिच्या लिफ्टमध्ये अडकतात, तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला येत नाहीत. तेव्हा 'आता वय झाले, बाहेर पडवत नाही' हे कारण आज आपण बाजूला ठेवू. बाहेर पडवते. सभेला जायचे म्हटले की पडवत नाही.

आपल्या इमारतींच्या नोटीस बोर्डावर सप्टेंबर महिन्यात एक कागद लागतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेबपत्रकांना मंजुरी देणे, लेखापरीक्षक नेमणे, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. आणि सर्वांत खाली, टीप म्हणून: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता असणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य इतक्या वेळा वाचले आहे की ते आता दिसतही नाही. माझे आजचे सगळे म्हणणे या टिपेबद्दल आहे. लोक येत नाहीत हे खरे, पण लोक आले नाहीत तरी काही अडणार नाही अशी तजवीज आधी झाली, आणि लोकांचे येणे त्यानंतर थांबले, असे माझे मत आहे.

नियम काय आहे ते आधी पाहू. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे जे आदर्श उपविधी आहेत, त्यांत सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी ठरवली आहे. म्हणजे चारशे सदनिकांच्या संकुलातही वीस माणसे पुरतात. ही वीसही जमत नाहीत. मग अर्धा तास थांबायचे. तेवढ्यात चहा होतो, खुर्च्या भिंतीला लागतात, आणि जे सातआठ जण उरले असतील ते चारशे घरांचा वर्षाचा कारभार वीस मिनिटांत मंजूर करून घरी जातात. सहाची सभा साडेसहालाच सुरू होणार हे जुन्या लोकांना ठाऊक असते. सहाला येतो तो नवा सभासद तरी असतो किंवा भांडायला आलेला तरी.

इतिवृत्ताच्या वहीत डोकावलात तर आणखी गंमत दिसेल. ठरावाखाली 'सूचक' आणि 'अनुमोदक' यांच्यापुढे जागा कोरी सोडलेली असते. ती नंतर सवडीने भरली जाते. ज्या ठरावाला आपण अनुमोदन दिले, तो ठराव काय होता हे अनुमोदकाला पुढच्या वर्षी इतिवृत्त वाचताना कळते. तेही त्या सभेला तो आला तर.

आता 'निवृत्तांची वसाहत' म्हणताना मी काय धरतो आहे, ते सांगतो. पुण्याच्या आसपास गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्येष्ठांसाठी म्हणून खास बांधलेली संकुले उभी राहिली. वयाची अट, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, खाली भोजनगृह, हाकेच्या अंतरावर परिचारिका. ती तर आहेतच. पण त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने अशा इमारती आहेत ज्या वृद्धांसाठी कोणी बांधल्या नव्हत्या. कोथरूड, विलेपार्ले, ठाणे, डोंबिवली, नाशिक. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तरुण जोडप्यांनी हप्ते भरून तिथे घरे घेतली, मुले वाढवली, मुले बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला गेली, आणि कोणी न ठरवता ती इमारत निवृत्तांची वसाहत झाली. लहान मुलांच्या घसरगुंडीला गंज चढला आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा आला. दोन्ही प्रकारच्या वसाहतींत सभेची अवस्था सारखीच आहे, म्हणून मी त्यांना एकत्र घेतो.

आपल्याकडे या चळवळीची सुरुवात अशी नव्हती. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे प्रमुख नाव. मुंबईत नोकरीला आलेल्या, चाळीतल्या खोलीचे भाडे भरून मेटाकुटीला आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी मालकाशिवाय घर उभे करायचे ठरवले. मालक नाही म्हटल्यावर नळ गळाला तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढ्यात होता, आणि उत्तर एकच होते: एकमेकांकडे. त्या पिढीला सभा हा कारभाराचा भाग वाटत नसे, सभा हाच कारभार होता. आज महाराष्ट्रात लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांच्या मुळाशी ही कल्पना आहे, आणि तिच्या जागी आज बऱ्याच ठिकाणी फॅसिलिटी मॅनेजर आहे.

१९६० हे साल आपल्याला दोन कारणांनी आठवते. राज्य झाले आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम त्याच सालचा. त्याच वर्षी, १ जानेवारीला, अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने 'सन सिटी' ही निवृत्तांची वसाहत विक्रीला खुली केली. पहिल्या तीनचार दिवसांत सुमारे एक लाख माणसे नमुन्याची घरे पाहायला आली. रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. पुढे आपल्याकडच्या ज्येष्ठसंकुलांच्या माहितीपत्रकांत जी हसरी, टेनिसची रॅकेट धरलेली जोडपी दिसू लागली, त्यांचे माहेर ते.

सन सिटीबद्दल आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही ते असे, की ती रीतसर 'सिटी' कधी झालीच नाही. नगरपालिका स्थापन करायला रहिवाशांनी नकार दिला. महापौर नको, नगरपालिकेचा कर नको. मग कामे कोण करणार? स्वतःच. रस्त्याच्या कडेचा कचरा उचलणारे स्वयंसेवक, रात्रीच्या गस्तीला शेरिफच्या मदतीचे स्वयंसेवक पथक, क्लबांचे हिशेब पाहणारे, ग्रंथालय सांभाळणारे. सत्तरीच्या माणसांनी गस्तीच्या गाड्या चालवल्या. हे कौतुकाचे आहे आणि ते मी कौतुकानेच सांगतो. पण त्याच रहिवाशांनी साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या शाळा-जिल्ह्याचे कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदानाला जमून जमून पाडले. आमची मुले मोठी झाली, दुसऱ्यांच्या मुलांच्या वर्गखोल्यांसाठी आम्ही का कर भरावा, असा सरळ हिशेब. शेवटी त्या जिल्ह्यातून सन सिटी वेगळी काढावी लागली. तेव्हा सहभाग वाढला की सगळे मंगल होते, अशा भ्रमात आपण राहू नये. म्हातारी माणसे संघटितपणे स्वार्थी होऊ शकतात. आपल्याकडे शेजारच्या मैदानावर मुलांनी क्रिकेट खेळू नये म्हणून झालेले ठराव आठवा. त्या सभांना गणपूर्ती असते.

दुसरे गाव कॅलिफोर्नियातले. लगुना वूड्स, मूळचे 'लेझर वर्ल्ड', १९६४ पासूनचे. तिथे साधारण बारा हजार सातशे घरे आहेत, आणि त्यांतली निम्मी एका गृहनिर्माण सहकारी संस्थेची आहेत. आपल्यासारखेच: घर संस्थेचे, सभासदाकडे हिस्सा. शेजारचा एल टोरोचा लष्करी विमानतळ बंद होऊन तिथे मोठा नागरी विमानतळ होणार अशी हवा नव्वदच्या दशकात उठली. छतावरून दिवसरात्र विमाने जाणार! त्या एका भयाने वसाहत जागी झाली. १९९९ साली रहिवाशांनी मतदान करून आपल्या वसाहतीचे शहर केले, कारण शहर झाल्याशिवाय त्या लढाईत कोणी दखल घेणार नव्हते. २००२ मध्ये जिल्ह्याच्या मतदारांनी विमानतळाची योजना मोडीत काढली.

पण विमाने दरवर्षी येत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या अशा संस्थांना पुढे संचालक मंडळाच्या निवडणुकीपुरतीही गणपूर्ती मिळेनाशी झाली, आणि अखेर कायदाच खाली आला. २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, ठरावीक अटी पाळल्या तर, जागांपेक्षा उमेदवार जास्त नसताना मतदान न घेता त्यांना निवडून आल्याचे जाहीर करण्याची मुभा दिली. आपल्या भाषेत, बिनविरोध. २०२४ पासूनच्या दुरुस्तीने सांगितले की संचालकांच्या निवडणुकीला गणपूर्ती झाली नाही तर किमान वीस दिवसांनी सभा पुन्हा बोलवा, आणि तेव्हा वीस टक्के मतदार पुरेत. त्यांचे वीस दिवस आणि आपला अर्धा तास. फरक आहे तो लाज किती वेळात सुटते याचा. आणि एक मान्य केले पाहिजे: त्यांनी आकडा खाली आणला, तरी शून्यावर आणला नाही.

आपल्याकडेही विमाने येतात. त्यांना आपण पुनर्विकास म्हणतो. बिल्डरचे पत्र आले की ज्या सभागृहात आठ डोकी असत तिथे दारापर्यंत माणसे उभी राहतात, पुण्याहून मुलगे येतात, दुबईहून जावई व्हिडिओवर येतात. आणि पाहा, तिथे कायदाही कडक होतो. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचे शासनाचे निर्देश, २००९ च्या निर्देशांच्या जागी आलेले २०१९ चे, पुनर्विकासाच्या सभेला दोनतृतीयांश सभासदांची हजेरी मागतात, एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती मागतात, सभेचे चित्रीकरण करायला सांगतात. अर्ध्या तासाची टीप तिथे चालत नाही. माणसांना हजर राहायला लावायचे कसे हे सरकारला नीट माहीत आहे. इमारत पाडायची असेल तेव्हा सभासद लागतात. इमारतीत राहायचे असेल तेव्हा नसले तरी चालते.

२०१३ मध्ये कायद्याने छडी उगारून पाहिली. क्रियाशील सभासद कोण, तर ज्याने पाच वर्षांत किमान एका सभेला हजेरी लावली तो. बाकीच्यांचा मताधिकार धोक्यात. परिणाम काय झाला? हजेरीपटावर सह्या वाढल्या. माणसे आली, सही केली, वडापाव घेतला आणि मालिका सुरू व्हायच्या आत घरी गेली. त्या अटीचे पुढे काय काय झाले, तो वकिलांचा विषय आहे, आपण सोडून देऊ.

मग येत का नाहीत? माझ्या संस्थेतले एक उदाहरण सांगतो. आमच्या आवारात गुलमोहराखाली तीन सिमेंटचे बाक होते. संध्याकाळी पाच ते सात ते कधी मोकळे नसत. एका गुडघेदुखीच्या बाईंचा फाटकापासून जिन्यापर्यंतचा प्रवास त्या बाकांच्या आधाराने दोन टप्प्यांत होई. एके दिवशी सकाळी ठेकेदाराचा माणूस ग्राइंडर घेऊन आला. आरडाओरडा झाल्यावर व्यवस्थापकाने इतिवृत्ताची झेरॉक्स दाखवली: वाहनतळासाठी जागा वाढवण्याचा ठराव तहकूब सभेत एकमताने मंजूर. विषयपत्रिकेत तो नव्हता, आयत्या वेळचा विषय म्हणून आला होता. समितीतले लोक वाईट होते असे नाही. चार मोटारवाल्यांनी मागणी केली, बाकावर बसणारे त्या खोलीत कोणी नव्हते, एवढेच. आता खरी गोष्ट पुढे आहे. त्या तीन बाकांवर रोज बसणाऱ्यांची आम्ही यादी केली, तेव्हा कळले की त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना सभेत मतच नव्हते.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण सहभाग कमी होण्याचे हे कारण कोणत्याच भाषणात ऐकू येत नाही. घर मुलाच्या नावावर असते. मुलगा सिएटलला. आईवडील इथे राहतात, देखभालीची रक्कम वडील आपल्या पेन्शनमधून भरतात, लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यावर अडकून तेच पडतात. पण सभासद मुलगा. आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला मुखत्यारपत्र चालत नाही, बदली माणूस चालत नाही. म्हणजे वडील दाराबाहेर. गंमत अशी, की मालक स्वतः राहत नसेल तर भोगवटा नसल्याबद्दलचे जे शुल्क संस्था आकारते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, ते घरात आईवडील राहत असतील तर लागत नाही. ते कुटुंबच धरले जातात. शुल्काच्या वहीत आईवडील म्हणजे घरचेच, आणि मतदानाच्या यादीत ते पाहुणे.

बायकांचे तर त्याहून अवघड. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे भारतीय सुमारे १०.४ कोटी होते आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त होती. आपल्या वसाहतींत फिरून पाहा, संध्याकाळी एकटी फिरणारी व्यक्ती बहुधा बाई असते. यजमान गेले, भागपत्र त्यांच्या नावाचे. नामनिर्देशन असेल तर संस्था तिला तात्पुरती सभासद करून घेते. पुढची कागदपत्रे, वारस दाखला, भावंडांच्या संमत्या, वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण विषय काढला की घरात कटुता येते. दरम्यान सभेत 'वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता' असे कोणीतरी प्रेमाने म्हणते. आरक्षणाने समितीत स्त्रियांच्या दोन जागा आहेत. त्या बऱ्याचदा कशा भरल्या जातात हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: सचिवांच्या सौभाग्यवती आणि खजिनदारांच्या सूनबाई.

तिसरे कारण अगदी क्षुल्लक आहे आणि म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. सभा संध्याकाळी सातला, तळघरातल्या हॉलमध्ये. फरशी, काच आणि उघडे काँक्रीट. कानातले यंत्र लावणाऱ्या माणसाला तिथे काय ऐकू येते, ते कधी लावून पाहा. खुर्ची सरकल्याचा आवाज सर्वांत मोठा, त्याखालोखाल पंखा, आणि बोलणारा कुठेतरी विहिरीच्या तळाशी. ताळेबंदाची झेरॉक्स इतक्या बारीक अक्षरांत की चष्म्यावर भिंग धरावे लागते. माणूस दोनदा 'काय म्हणालात?' विचारतो, तिसऱ्यांदा मान हलवतो, पुढच्या वर्षी येत नाही. त्याला आपण उदासीन म्हणतो.

भीतीही आहे. समितीवर जायचे म्हणजे सह्या करायच्या, आणि सह्या म्हणजे जबाबदारी. एम-२० या बंधपत्राचे नाव काढले तरी जुन्या सचिवांच्या कपाळाला आठ्या पडत. आज त्यात व्हॉट्सॲपचे गट आले. रात्री अकराला पाण्यावरून तुमच्या खानदानाचा उद्धार होणार असेल, तर पाऊणशे वयाच्या माणसाने ते मानधनाशिवाय का सोसावे? मग समितीला माणसे मिळत नाहीत, उपनिबंधकांकडे प्रशासक नेमण्याचा विषय जातो, आणि प्रशासक आला की सगळ्यांना बरे वाटते. कोणी ओळखीचे नाही, त्यामुळे कोणाशी भांडण नाही.

खास ज्येष्ठांसाठीच्या संकुलांची गोष्ट थोडी निराळी. तिथे पुष्कळदा चालवणारी कंपनी असते आणि रहिवाशांची समिती सल्ल्यापुरती. जेवणात मीठ कमी आहे हे सांगण्याचा अधिकार आहे, पण भोजनाचा ठेका कोणाला द्यायचा ते ठरवण्याचा नाही. तिथे राहायला आलेले सुशिक्षित, कर्तबगार लोक मला सांगतात, आम्ही आयुष्यभर निर्णय घेतले, आता कोणीतरी आमच्यासाठी घ्यावेत, त्याचेच तर पैसे मोजतो. मला त्यांचे म्हणणे पटत नाही, पण त्यांचा थकवा समजतो.

का पटत नाही? १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी कनेटिकटमधल्या एका शुश्रूषागृहात केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, त्याला पाणी तुम्ही घालायचे. दुसऱ्या मजल्यावर रोपही दिले आणि चित्रपटही दाखवला, पण दिवस कर्मचाऱ्यांनी ठरवला आणि पाणी परिचारिका घालत. पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक हसरी, अधिक हालचाल करणारी झाली. दीड वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले होते, दुसऱ्यातले ३०. माणसे थोडी होती, आणि मृत्यूच्या आकड्यांतला फरक आधी छापला तितका भक्कम नव्हता अशी दुरुस्ती लेखिकांनीच नंतर प्रसिद्ध केली. तेव्हा सभेला या आणि आयुष्य वाढवा, असे औषध मी विकणार नाही. पण पाणी कोणी घालायचे या प्रश्नाला माणसाच्या मनात किती वजन असते, ते त्या प्रयोगातून दिसले आणि आजही पटते. आमच्या बाकांचे भांडण बाकांपुरते नव्हते.

आमच्याकडे पुढे काय झाले ते सांगतो. विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, पण सकाळी दहाला, पार्किंगच्या सावलीत, मोटारी बाहेर काढून. माइक घेतला, आणि बोलणाऱ्याने उभे राहायचे असा नियम केला. एकच विषय. मत नसलेल्यांनाही बोलू द्यायचे असे आधी ठरवले. गणपूर्तीची वाट पाहावी लागली नाही. दोन बाक राहिले, तिसरा गेला, कारण मोटारवाल्यांचेही म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्यानंतर बागेचा, पाण्याच्या वेळांचा आणि पहारेकऱ्यांचा कारभार तीन छोट्या गटांकडे दिला, आणि प्रत्येकाला थोडी रक्कम स्वतःच्या सहीने खर्च करायची मुभा दिली. बागेचा गट उत्तम चालला. पाण्याचा गट दोन महिन्यांत भांडून मोडला. पहारेकऱ्यांच्या गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना पहारेकरी आणि आम्ही सगळेच भितो. वार्षिक सभेला अजूनही हॉल भरत नाही. पण टीप लावायची वेळ गेल्या खेपेला आली नाही.

ज्या सभेत काही ठरत नाही तिथे शहाणा माणूस जात नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. ठरवण्यासारखे काही त्याच्या हातात द्या, ऐकू येईल अशा जागी द्या, दिवसाउजेडी द्या. तो येतो. नाही आला तर त्याच्या घरी जा. त्याला कोणी बोलावलेलेच नसते, नोटीस लावलेली असते.

आता शेवटची, आणि अगदी व्यवहाराची गोष्ट. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यात सहयोगी सभासदाची व्याख्या अशी केली आहे, की सभासदाचे आई, वडील, पती, पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई अशा नात्यातल्या व्यक्तीला, सभासदाच्या लेखी अर्जावर आणि त्याच्या लेखी पूर्वसंमतीने, त्याचे हक्क आणि कर्तव्ये बजावण्यासाठी सहयोगी सभासद करून घेता येते. मालकीत नाव असण्याची गरज नाही. म्हणजे सिएटलच्या मुलाने एक अर्ज आणि एक संमतिपत्र पाठवले, की दाराबाहेरचे वडील आत येऊ शकतात. हे दार गेली काही वर्षे उघडे आहे. मी विचारून पाहतो तेव्हा दहातल्या आठ जणांना ते माहीत नसते, आणि ज्या सचिवांना माहीत असते ते आपण होऊन सांगत नाहीत.

आज घरी गेल्यावर भागपत्र काढून बघा, त्यावर नाव कोणाचे आहे ते. तुमचे नसेल तर या रविवारी मुलाशी व्हिडिओवर बोलाल, तेव्हा नातवाचे दात दाखवून झाले की हा विषय काढा. बाईंनो, यजमानांच्या पश्चात हस्तांतराची कागदपत्रे अडली असतील तर ती पुढे सरकवा, कोणाला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. आणि जे समितीवर आहेत त्यांनी अर्जाचे कोरे नमुने नोटीस बोर्डाशेजारी ठेवा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते, आणि अर्ज समितीच्या बैठकीत मंजूर व्हावा लागतो. तेव्हा जुलै संपायच्या आत तो द्या आणि पोच घ्या.